‘रिकामे हात’मधली एक ओळ

मेरिट कोसँडचं अक्षर वाचता येणारी माणसं जगात दोनच होती, एक तो आणि एक मी. कधीकधी त्याचंही अडायचं. दर बुधवारी शाळा सुटली की तो आखूड पाय ओढत माझ्या वर्गात यायचा, धान्याच्या दुकानानं वाटलेल्या जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर लिहिलेला मजकूर टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, “इडेला, यात देवाला पटेल असं काही दिसलं तर टाईप कर. नाहीतर स्टोव्हमध्ये घाल.” चौदा वर्षांत मी त्याचं एकही पान स्टोव्हमध्ये घातलं नव्हतं.

मी हिकरी फोर्कच्या शाळेत लॅटिन शिकवायची. मेरिट आमच्या क्वेकर सभेचा पाद्री; युद्धात शस्त्र धरणं पाप मानणारा आमचा हा छोटा ख्रिस्ती पंथ. इंडियानात आमच्या भागातल्या क्वेकरांनी पाद्री ठेवायला सुरुवात केली त्याला तेव्हा पन्नासेक वर्षं झाली होती, तरी जुनी माणसं अजून कुरकुरायची की देवाशी बोलायला मधे माणूस कशाला. मेरिटबद्दल मात्र कुणाची कुरकुर नसायची. तो थोडं बोलायचा आणि सभेतली वीस मिनिटं सगळ्यांना गप्प बसू द्यायचा. आमच्यात लहानमोठ्या सगळ्यांना ‘तू’च म्हणतात, पाद्रीलाही. ‘तुम्ही’ फक्त बाहेरच्यांना.

त्याचं खरं बोलणं कागदावर असायचं. आमच्या पंथाच्या साप्ताहिकात त्याचं ‘कुंपणापलीकडे’ हे सदर यायचं, ते पार आयोवा-कॅन्ससपर्यंत वाचलं जाई. शेजाऱ्याचं डुक्कर आपल्या मक्यात शिरलं तर माणूस काय काय करू शकतो, याचे त्यानं एकदा सात उपाय लिहिले होते. त्यातल्या एकातही बंदूक नव्हती. वाचून हसू यायचं, आणि हसून झाल्यावर लक्षात यायचं की हा डुकराबद्दल बोलतच नाहीये. पण त्याचं नाव झालं ते १९२६ साली लिहिलेल्या ‘रिकामे हात’ या पुस्तिकेमुळे. बत्तीस पानांची ती पुस्तिका वाचून कितीतरी तरुण मुलांनी ‘मी कधीही शस्त्र धरणार नाही’ असं लिहून दिलं. तिच्यातली एक ओळ सगळ्यांना पाठ होती. महायुद्धाच्या दिवसांबद्दल त्यानं लिहिलं होतं: ‘त्या दोन वर्षांत माझ्या तोंडून किंवा लेखणीतून एकाही मुलाला “जा” असा शब्द गेला नाही. देवापुढे उभं राहताना माझ्या हातात दाखवण्याजोगं एवढंच आहे.’

ती ओळ मी चार वेळा टाईप केली होती.

१९३५ च्या वसंतात मेरिटला आमच्याकडे येऊन पंचवीस वर्षं होत होती. त्याच्या सगळ्या लेखांचं एक पुस्तक काढायचं ठरलं. आमच्या सभेचा कारभार झिनो थॉर्नबर्ग पाहायचा, सत्तरीचा, लाकडाच्या वखारीचा मालक. आम्ही सगळे त्याला झिनोकाका म्हणायचो. त्यानं रविवारी उभं राहून सांगितलं की कुणाकडे मेरिटची जुनी पत्रं असतील तर ती इडेलाकडे आणून द्यावीत, चांगली असतील ती पुस्तकात घालू. पत्रं आली, बहुतेक सांत्वनाची. मी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर सालवार लावून ठेवली होती.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी दुपारी लुझेना रिग्जबी आली. विधवा बाई, कोंबड्या पाळायची, सभेत सगळ्यात मागच्या बाकावर बसायची आणि कधी तोंड उघडायची नाही. तिचा एकुलता मुलगा व्हर्लिन युद्धावर जाऊन आला होता. आमच्या सभेतून गेलेला तो एकटाच. परत आल्यावर चार-पाच वर्षं त्यानं शेत केलं. मग त्याची झोप गेली, तो तासन्‌तास मक्यात उभा राहायला लागला, आणि १९२४ पासून तो इथून साठ मैलांवर सैनिकांच्या मनोरुग्णालयात होता. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच त्याबद्दल बोलत नसे.

मी तिला कॉफी विचारली. ती नको म्हणाली, बसलीही नाही. पर्समधून एक चौपदरी कागद काढून तिनं टेबलावर ठेवला.

“झिनोनं पत्रं मागितली होती,” ती म्हणाली. “हे एक आहे.”

कागद पिवळा पडला होता आणि घड्यांवर फाटला होता. तारीख १९१८ च्या जूनची. अक्षर सरळ, नेटकं. मी उभ्याउभ्याच वाचायला लागले आणि दुसऱ्या ओळीला खुर्ची ओढून बसले.

‘प्रिय व्हर्लिन, तू विचारलंस म्हणून लिहितो. मी तीन आठवडे प्रार्थना केली. जे चाललं आहे ते थांबवायला कुणीतरी गेलंच पाहिजे. आपण क्वेकर आहोत म्हणून दुसऱ्यांच्या मुलांनी आपल्यासाठी मरावं, हे मला आता पटत नाही. माझा पाय धड असता तर मीच गेलो असतो. तू जा. स्वच्छ मनानं जा. यात पाप असेल तर ते माझ्या डोक्यावर येऊ दे, तुझ्या नको. तिकडे थंडी असेल. हल्डानं माझ्यासाठी विणलेला राखाडी गळपट्टा सोबत देतो आहे. त्याचं एक टोक लांब झालं आहे, तिला विणताना बोलायची सवय आहे. तुझा मित्र, मेरिट कोसँड.’

मी ते दोनदा वाचलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले की हे अक्षर मेरिटचं नाही.

“आधी त्याचं अक्षर चांगलं होतं,” लुझेना म्हणाली. “साथीच्या तापानंतर हात थरथरायला लागला. तू तेव्हा कॉलेजात होतीस, येऊनजाऊन असायचीस. तुला नसेल आठवत.” दारापर्यंत जाऊन ती वळली. “मी हे त्याची नाचक्की करायला आणलेलं नाही, इडेला. पण पुस्तकात पत्रं घालणार असाल तर हे पण घाला.”

ती गेल्यावर मी पत्राची घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं.

मी आधी झिनोकाकाकडे गेले, ते चुकलंच. तो वखारीत फळ्या मोजत होता. त्यानं चष्मा लावून पत्र वाचलं, परत घडी घातली आणि मला म्हणाला की हे स्टोव्हमध्ये घाल. त्या वर्षी सगळ्यांचीच डोकी फिरली होती, सभागृहाच्या दारावर लोकांनी पिवळा रंग फासला होता, आम्ही भित्रे म्हणून. अशा दिवसांतलं एक पत्र धरून बसायचं आणि पंचवीस वर्षांवर पाणी सोडायचं का, असं तो मला विचारत होता. लुझेनाला तो समजावणार होता. मी पत्र त्याच्या हातातून काढून घेतलं. त्यानं ते लगेच सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मेरिटच्या घरी गेले. तो मागच्या अंगणात वाटाणे पेरत होता. लग्न त्यानं केलं नव्हतं, बहीण हल्डा गेल्यापासून घरात एकटाच असायचा. मी काही न सांगता पत्र पुढे केलं. त्यानं हात पँटला पुसले, वाचलं, आणि अगदी शांतपणे म्हणाला, “हे मी लिहिलेलं नाही.”

राग नव्हता त्यात. उलट कुणीतरी बिचाऱ्या व्हर्लिनला फसवलं असेल असं त्याला वाटलं. युद्धाच्या वेळी पोरं भरती करायला लोक काय वाटेल ते करायचे, तो सांगत होता, पाद्र्याचं अक्षर गिरवून त्याच्या नावानं खोटं पत्रसुद्धा लिहिलं असेल. बोलता बोलता त्याची नजर परत कागदाच्या तळाशी गेली, आणि तो बोलायचा थांबला.

मग तो वाफ्याच्या कडेला, ओल्या मातीतच बसला.

“गळपट्टा,” तो म्हणाला.

हल्डा १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये गेली, साथीत. तो स्वतः त्या वेळी तापात होता, तिला पुरलं तेव्हाही त्याला शुद्ध नव्हती. उठल्यावर तिच्या हातचं काहीतरी जवळ असावं म्हणून त्यानं तो गळपट्टा घरभर शोधला होता. कपडे धुवायला येणाऱ्या बाईवर आळ घेतला होता. तिनं रडून शपथा घेतल्या होत्या आणि काम सोडलं होतं. सतरा वर्षं तो समजत होता की त्या बाईनं गळपट्टा चोरला.

“एक टोक लांब होतं,” तो म्हणाला. “हे दुसऱ्या कुणाला माहीत असणार, इडेला?”

मी त्याला विचारलं की खरंच काही आठवत नाही का. तो म्हणाला, नाही. तापाच्या आधीचा तो अख्खा उन्हाळाच त्याला धूसर होता. पण त्याला वाटायचं की धूसर असला तरी त्यात काय आहे ते आपल्याला माहीत आहे. “मी ती ओळ लिहिली तेव्हा खोटं बोलत नव्हतो,” तो म्हणाला, आणि लगेच, “पण ती खोटी आहे.” त्याचा चेहरा मला ओळखू येईना. आपल्याच घरात शिरावं आणि आत अनोळखी लोक जेवत बसलेले दिसावेत, तसा तो माझ्याकडे बघत होता.

शनिवारी सकाळी मी त्याला माझ्या फोर्डमधून लुझेनाकडे घेऊन गेले. लुझेना अंगणात चिंध्यांची सतरंजी विणत बसली होती. मेरिटनं टोपी काढली आणि सांगितलं की पत्र माझं आहे. तिनं मान हलवली, जणू हे तिला ठाऊकच होतं. मग त्यानं विचारलं की इतकी वर्षं ते कुठे होतं.

लुझेनानं मांडीवरच्या पट्ट्या बाजूला ठेवल्या. तिनं सांगितलं ते मी होईल तेवढं तिच्याच शब्दांत सांगते.

व्हर्लिन परत आल्यापासून एकच गोष्ट सांगायचा: मला मेरिटनं जा म्हणून लिहिलं, म्हणून मी गेलो. तिला ते पटायचं नाही. तिनं पत्र मागितलं तेव्हा तो म्हणाला की कोटात आहे, पण कुठे ते त्याला सांगता येईना. तिनं लष्करी कोटाचे सगळे खिसे पाहिले, काही निघालं नाही. तो रुग्णालयात गेल्यावर डॉक्टरांनाही तेच सांगायचा. पहिली काही वर्षं त्यांनी ते ऐकून घेतलं. तोवर त्याची झोप परत आली होती, तो सुतारकाम करत होता, सगळ्यांशी नीट बोलत होता. मग १९२७ साली तिथल्या डॉ. लॅथ्रपच्या हाती ‘रिकामे हात’ पडलं.

“त्यानं ती ओळ व्हर्लिनला वाचून दाखवली,” लुझेना म्हणाली. “म्हणाला, हे बघ, हा माणूस स्वतःच्या सहीनं सांगतोय की त्यानं एकालाही जा म्हटलं नाही. म्हणजे तुझं ते पत्र तुझ्या डोक्यातलं आहे. एवढा एक भ्रम सोड आणि घरी जा. बाकी तुला काही झालेलं नाही.”

मेरिटनं हातातली टोपी खाली ठेवली.

“आठ वर्षं झाली त्याला. दर सहा महिन्यांनी विचारतात. तो दर वेळी म्हणतो, पत्र आलं होतं. की हे लिहितात, भ्रम कायम.” तिनं एक पट्टी उचलली आणि परत ठेवली. “आणि मी काय केलं सांगू? मी त्याच्यासमोर बसून म्हटलं, बाळा, मेरिट असं लिहिणारच नाही. ‘हो, भ्रम होता’ असं म्हण, आणि चल घरी. माझ्या पोटच्या पोराला मी वेडा समजले आणि तुझी ओळ खरी धरली.”

या मार्चमध्ये तिनं तो कोट सतरंजीसाठी उसवायला घेतला. पत्र अस्तराच्या आत होतं. पावसानं भिजू नये म्हणून व्हर्लिननं ते खंदकात असताना मेणकापडात गुंडाळून शिवलं होतं.

मी मेरिटकडे पाहिलं नाही. मला धीर झाला नाही. कोंबड्या पायांत येऊन दाणे शोधत होत्या. मेरिट म्हणाला, “इडेला, गाडीत पेट्रोल आहे का? साठ मैल जायचंय.” लुझेना आत जाऊन टोपी घालून आली आणि आम्ही तिघं निघालो.

रुग्णालयात आम्हाला सुतारकामाच्या खोलीत नेलं. व्हर्लिन सदतीस वर्षांचा होता, केस पिकलेले, खांदे रुंद. तो एका खुर्चीच्या पायाला पॉलिश करत होता. आईला पाहून उठला, मेरिटला पाहून परत बसला. ‘कुंपणापलीकडे’ तो दर आठवड्याला वाचायचा, हे आम्हाला तिथल्या रखवालदारानं सांगितलं होतं. मेरिट उभाच राहिला. खिशातून पत्र काढून त्यानं व्हर्लिनसमोरच्या बाकावर ठेवलं.

“हे मी लिहिलं होतं, व्हर्लिन. तुला जा म्हणणारा मीच.”

व्हर्लिननं पत्राला हात लावला नाही. नुसतं पाहिलं. मग त्यानं रखवालदाराला हाक मारून सांगितलं की डॉक्टरांना बोलवा. डॉ. लॅथ्रप यायला वीस मिनिटं लागली. आमच्या सभेतही इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. डॉक्टर आल्यावर व्हर्लिन मेरिटला म्हणाला, “आता परत म्हण.”

मेरिटनं परत म्हटलं. डॉक्टरांनी पत्र वाचलं, उलटून पाहिलं, आणि हे आपण आजच लिहिलं नाहीत ना, असं विचारलं. मेरिटनं आपला थरथरणारा हात पुढे केला. “या हातानं असं अक्षर निघेल का, तुम्हीच सांगा,” तो म्हणाला. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. तो शरमेनं लाल झाला आणि खुर्चीवर बसला. छापील गोष्टीवर विश्वास ठेवला, असं काहीसं पुटपुटला.

तो गेल्यावर व्हर्लिननं मेरिटला विचारलं की तू खरंच विसरला होतास का. मेरिट हो म्हणाला.

“कमाल आहे,” व्हर्लिन म्हणाला. “विसरलास तू, आणि आत मी.”

तो हसला नाही. म्हणाला की मधली दोन वर्षं त्यालाही वाटायला लागलं होतं की पत्र आलंच नसेल, ती सगळ्यात वाईट. तरी नुसतं ‘हो, भ्रम होता’ असं त्याला म्हणवेना. खोटं बोलायचं नाही हे तो रविवारच्या वर्गात शिकला होता, आणि तो वर्ग मेरिटच घ्यायचा. मेरिटनं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. लुझेनानं मुलाच्या बाहीला धरलं होतं, ते तिनं आम्ही निघेपर्यंत सोडलं नाही. निघताना मेरिटनं विचारलं की मी आता काय करू. व्हर्लिन म्हणाला, “मला नाही माहीत. लिहिणारा तू आहेस.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सभागृहात साठेक माणसं होती. पहिलं गाणं झालं आणि मेरिट पुढे आला. त्यानं प्रवचन केलं नाही. पत्र वाचलं, सगळंच्या सगळं, गळपट्ट्यासकट. मग रुग्णालयातली आठ वर्षं सांगितली. बायकांच्या बाजूला कुणाच्या तरी हातातलं गाण्याचं पुस्तक पडलं, ते तसंच पडून राहिलं.

“मला तो उन्हाळा आठवत नाही,” मेरिट म्हणाला. “मला वाटायचं, मी वेडंवाकडं वागलो असतो तर तुमच्यापैकी कुणीतरी सांगितलं असतं. म्हणून विचारतो. त्या उन्हाळ्यात मी काय बोलत होतो, हे इथं कुणाला आठवतं का?”

तो पहिल्या बाकावर बसला.

आधी उजवीकडची हॉजसनांची म्हातारी उठली. काठीवर रेलून म्हणाली की जुलैत तू सैन्याच्या विजयासाठी प्रार्थना केली होतीस, मला आठवतंय, माझ्या नवऱ्यानं दचकून डोळे उघडले होते. ती बसली. मग दूधवाला एल्मर उठला. मेरिटनं त्याच्या भावालाही समजावलं होतं, पण भाऊ गेला नाही. मग आणखी एक. मग आणखी. कुणी रागानं बोललं नाही. हवामान सांगावं तसे उठून सांगत होते आणि बसत होते. मेरिट प्रत्येकाकडे मान वळवून बघत होता. मला त्याची मान दिसत होती आणि ती दर वेळी थोडी खाली जात होती.

मग मी उठले. मी सांगितलं की मी तेव्हा सुट्टीत घरी आले होते आणि ती जुलैतली प्रार्थना मीही ऐकली होती. १९२६ साली ती ओळ टाईप करताना मला ती आठवली होती. मी थांबले होते. मग मनात म्हटलं, प्रार्थना म्हणजे काही ‘जा’ नव्हे, आणि पुढची ओळ टाईप केली. पुढे तीन वेळा थांबलेही नाही.

सगळ्यात शेवटी झिनोकाका उठला. त्याला उठायला वेळ लागला. “दारावर रंग फासला त्या दिवशी मी मेरिटकडे गेलो होतो,” तो म्हणाला. “म्हटलं, सभागृह जाळायच्या आत काहीतरी बोल. एखादं पोर जात असेल तर जाऊ दे. एक गेला तरी गाव गप्प बसेल. व्हर्लिनचं नाव मीच घेतलं.” एवढं बोलून तो बसला नाही, उभाच राहिला. काय करावं हे त्याला कळेना. शेवटी त्याच्या मुलीनं त्याला हाताला धरून बसवलं.

मागच्या बाकावरून लुझेना सगळ्यांकडे बघत होती. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. एकेकाला थोडं थोडं. ती एकटीच नवऱ्याच्या आजारपणामुळे त्या उन्हाळ्यात सभेला येत नव्हती, आणि तिचा मुलगा आत होता.

पुस्तकाचं काय करायचं यावर नंतर महिनाभर वाद झाले. मेरिटला ते काढायचंच नव्हतं. कुणी म्हणालं, काढा, पण ती ओळ गाळा. शेवटी मी व्हर्लिनला पत्र लिहून विचारलं. त्याचं उत्तर तीन वाक्यांचं होतं. ‘ओळ गाळू नका. गाळली तर मला कशामुळे आत ठेवलं ते कुणाला कळणार नाही. समोरच्या पानावर मला आलेलं पत्र छापा.’ तसंच केलं. आमच्या पंथाच्या छापखान्यानं नकार दिला, म्हणून जिल्ह्याच्या वर्तमानपत्राकडून छापून घेतलं. काही लोकांनी प्रती परत पाठवल्या. ओहायोतल्या एका मुलानं आपण लिहून दिलेलं वचन मागे घेतोय असं कळवलं. दुसऱ्या एकानं, कॅन्ससमधल्या, आता ते वचन आपल्याला पहिल्यांदाच खरं वाटतंय असं लिहिलं. मेरिटनं दोन्ही पत्रं वाचली आणि एकाच पाकिटात ठेवली.

त्यानं पाद्रीपण सोडलं. सभेनं राहा म्हणून सांगितलं, तरी सोडलं आणि टोमॅटोच्या कारखान्यात कामाला लागला. रविवारी बाकावर येऊन बसायचा, झिनोकाकाच्या शेजारी. कपडे धुणाऱ्या त्या बाईला शोधायला तो दोनदा ओहायोत जाऊन आला. ती सापडली नाही.

व्हर्लिन सप्टेंबरात घरी आला. त्याला आणायला मीच गेले होते. फाटकाशी रखवालदारानं त्याच्या हातात सुटकेचा कागद दिला, तो त्यानं गाडीत उघडला आणि माझ्याकडे दिला. त्यावर लिहिलं होतं: ‘रुग्णाचा भ्रम पूर्णपणे दूर झाला. सुधारणा समाधानकारक.’

मला वाटलं, मी चुकीचं वाचतेय. सहीही डॉ. लॅथ्रपचीच होती. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, कारण मला पुढचं दिसेना. व्हर्लिन काचेतून बाहेर बघत होता. “चल,” तो म्हणाला, “आई वाट बघत असेल.”

मी हे मेरिटला सांगितलं. तो त्याच दिवशी लिहायला बसला. त्यानं रुग्णालयाला पत्र लिहिलं, की भ्रम नव्हताच, कागद दुरुस्त करा. उत्तर आलं नाही. त्यानं परत लिहिलं. मग वॉशिंग्टनला. मग सैनिकांच्या कचेरीला, मग परत रुग्णालयाला. दर आठवड्याला एक, अडीच वर्षं. कुणी लिहायचं की नोंद बदलता येत नाही, कुणी लिहायचं की रुग्ण बरा झालेला असताना तक्रार कसली. मी ती सगळी पत्रं टाईप केली. त्या काळात त्यानं दुसरं काहीही लिहिलं नाही. व्हर्लिननं त्याला हे थांबव असंही म्हटलं नाही आणि कर असंही म्हटलं नाही. दोघं रस्त्यात भेटले की मान हलवायचे. लुझेनानं एकदा मुलाला विचारलं की मेरिटला माफ केलंस का. तो म्हणाला की मला ते जमत नाही, जमलं तर सांगेन.

दुरुस्तीचा कागद १९३८ च्या मार्चमध्ये आला, व्हर्लिनच्या नावानं. मी त्या वेळी लुझेनाकडे अंडी आणायला गेले होते, मेरिटही अंगणात उभा होता, तारेचं कुंपण नीट करायला आला होता. व्हर्लिननं पाकीट फोडलं आणि मोठ्यानं वाचलं: ‘पूर्वीची नोंद चुकीची होती. रुग्णाचं म्हणणं खरं होतं.’ त्यानं तारीख पाहिली, सही पाहिली, कागद परत पाकिटात घातला.

मग लुझेनानं जेवायला हाक मारली. व्हर्लिन दारात गेला, थांबला, आणि मागे न बघता म्हणाला, “मेरिट, तू पण ये. मटार-बटाटा आहे.”